हात टेकले

रात्री कॉम्प्युटरने विचारलं होतं, अपग्रेड करू का?
मी पेंगत हो म्हणालो असेन.
सकाळी पट्टी शंभर टक्के भरलेली,
खिडक्यांचे कोपरे गोल झालेले,
आणि टाइमलाइनवर नेलिदा
अडत, थांबत, मधूनच उडी मारत
पेन्शन कचेरीचा नवा पत्ता सांगत होती.

सांगत होती म्हणजे हातांनी.
मोन्तेविदेओत, हार्डवेअरच्या दुकानावरच्या
भाड्याच्या खोलीत, दर गुरुवारी
बहिऱ्यांसाठी बातम्या तयार होतात.
नेलिदा सांगते, मी कापतो.
मी वाशिंग्टन एचेबार्ने.
इकडे असतं हे नाव. हसू नका.

आवाज मात्र लोण्यासारखा.
ओमारचं निवेदन एका दमात, कुठे खरखर नाही.
मालकांना फोन लावला तर म्हणाले,
मला तर नीट ऐकू येतंय.

चित्र सेकंदाला चार फ्रेम.
हात कपाळाशी, मग एकदम छातीशी,
मधला रस्ता कुणीतरी गिळलेला.
शब्द असतो तो त्या रस्त्यातच.
नऊ वर्षांत मला तिचे चाळीसेक शब्द येतात,
त्यातला एकही धड ओळखू येईना.

कॅशे पुसली. रिस्टार्ट. पुन्हा रिस्टार्ट.
पहिले पाढे पंचावन्न.
प्रिव्ह्यू निम्म्यावर आणला, मग पाववर.
हात पळायला लागले खरे,
पण बोटं एकमेकांत विरघळली,
पाचांचा मिळून एक फुगलेला पाव.
नेलिदाने वहीत लिहिलं:
ही बाई तोंडात घास घेऊन बोलतेय.

प्रॉक्सी करायला घेतल्या,
उरलेला वेळ सहा तास दहा मिनिटं.
बुलेटिन सातला.
साल्तोहून चुलतभाऊ फोनवर म्हणाला, डिस्क भरली असेल.
नव्हती.
थर्मासमधलं पाणी कोमट झालं, माते बेचव,
घोडं नेमकं कुठे पेंड खातंय, दिसेना.
चार वाजता मी हात टेकले.

नेलिदानेही टेकला. अगदी खरोखरचा:
उजवा तळवा टेबलावर सपाट,
डोळे मिटलेले,
जणू पोराचा ताप बघतेय.
मग वहीत: हे मेलंय का?
चालू आहे की, मी पडद्याकडे बोट दाखवलं.
तिने तेच बोट धरून माझा हात ओढला,
सीपीयूच्या डब्याच्या कुशीवर ठेवला.
दर गुरुवारी हे टेबल माझ्या कोपरापर्यंत गुरगुरतं, तिने लिहिलं.
आज गप्प आहे.

मला ऐकू येतं. दोन्ही कानांनी, चांगलं.
सकाळपासून त्या पंख्याचं न फिरणं
मला ऐकू आलं नव्हतं.

सेटिंगमध्ये शिरलो.
ग्राफिक्स कार्ड निवांत घोरत पडलेलं;
अपग्रेडने त्याचा ड्रायव्हर परस्पर बदललेला,
रेंडररच्या चौकटीत लिहिलेलं: फक्त सॉफ्टवेअर.
सगळं ओझं बिचाऱ्या प्रोसेसरच्या डोक्यावर.
जुना ड्रायव्हर शोधला, बसवला.
पडदा दोनदा काळा झाला.
पंखा फिरल्याचं मला कळलं
ते नेलिदाच्या चेहऱ्यावर. कानात नंतर आलं.

पडद्यावरची नेलिदा पत्ता सांगून मोकळी झाली,
सलग, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानासकट.

बुलेटिन सात वाजून अकरा मिनिटांनी गेलं.
मालक चिडले. चिडू देत.

पण एक गोष्ट डोक्यातून जाईना.
दोन बातम्यांच्या मधे तिचे हात मांडीवर येतात,
अर्धा सेकंद, कधी पाऊण.
रिकामी जागा म्हणून मी ती आजवर कापत आलोय.
जिन्यात तिला थांबवलं,
ओठ सावकाश हलवत विचारलं:
तिथे काही असतं का?

तिने वही पिशवीत टाकलेली.
थोडा विचार केला, मग हात उचलले,
आणि टायमरचा दिवा विझला.

अंधारात तिच्या बाह्यांची सळसळ
बराच वेळ चालली होती.
मी बटण चाचपडत होतो.